पॅकेज फोडाल तेव्हा आम्हाला आधी कळवा

डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च आणि इतर लिनक्स वितरणांमध्ये डेस्कटॉपची पॅकेजेस सांभाळणाऱ्या सर्व मेंटेनर मंडळींस,



मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे संगणक सांभाळतो. सगळ्यांवर लिनक्स आहे आणि बहुतेकांवर केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप. यंत्रे जुनी, अनुदान तुटपुंजे. तरीही परवान्याचे पैसे न भरता आणि चोरीची प्रत न वापरता आमचा सगळा कारभार मराठीत चालतो, तो तुमच्यामुळे. तुमच्यापैकी अनेक जण हे काम नोकरी सांभाळून, फुकट करतात. मागच्या आठवड्यात कोणी काय बांधले, कोणी कोणता बग बंद केला, याची दखल घेणारे फार थोडे असतात. हे ऋण मोठे आहे आणि पुढच्या तक्रारी ते मान्य करूनच लिहीत आहे.

नव्या आवृत्त्या येतात, त्यांत बटणे इकडची तिकडे होतात, रंग बदलतात. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माणसे आठवड्याभरात सरावतात. माझे म्हणणे आहे ते पॅकेजांच्या पुनर्रचनेबद्दल. एका पॅकेजाची दोन होतात, तीन पॅकेजांचे एक होते, नाव बदलते, एखादी फाइल एका पॅकेजातून उठून दुसऱ्यात जाते. तुमच्या बाजूने हा सगळा व्यवस्थितपणा असतो. आमच्या बाजूला मात्र काल चालणारी गोष्ट आज चालत नाही, आणि ती कुठे गेली हे कोणी सांगितलेले नसते.

केडीईचेच उदाहरण घेतो, कारण ते मला जवळून माहीत आहे. प्रकल्प सुरू झाला १९९६मध्ये. पुढे कितीतरी वर्षे त्याचे सॉफ्टवेअर मोठ्या गठ्ठ्यांत येत असे: केडीई-लिब्ज, केडीई-बेस, केडीई-ग्राफिक्स, केडीई-एज्यु, केडीई-गेम्स. २०१४मध्ये फ्रेमवर्क्स ५ आले आणि एकट्या केडीई-लिब्जच्या जागी पन्नासहून अधिक स्वतंत्र लायब्ररी आल्या. फ्रेमवर्क्स ६मध्ये त्यांची संख्या सत्तरच्या पुढे आहे. फ्रेमवर्क्सची आवृत्ती दर महिन्याला येते, अ‍ॅप्सचा संच वर्षातून तीनदा येतो, आणि २०२४ व २०२५मध्ये प्लाझ्माही दर वर्षी तीनदा आला. हे सगळे उतरवून घ्यायचे, बांधायचे, एकमेकांशी जुळवायचे, म्हणजे केवढे काम! विभाजनाला माझा विरोध नाही. एका लायब्ररीसाठी अख्खा डेस्कटॉप ओढून आणावा लागू नये, हा हेतू योग्यच आहे. प्रश्न विभाजनानंतर काय होते याचा आहे.

जून २०२५मध्ये प्लाझ्मा ६.४ आला. त्यात केविन या विंडो मॅनेजरचे दोन भाग झाले, एक वेलँडसाठी आणि एक जुन्या एक्स११साठी. मूळ प्रकल्पाचे कारण समजण्यासारखे होते. एक्स११च्या बाजूला फारसा हात लावायचा नाही आणि वेलँडवर मोकळेपणाने काम करायचे, तर दोन्ही एका जागी ठेवणे अडचणीचे होते. आर्च लिनक्सने त्याप्रमाणे पॅकेजे वेगळी केली आणि आपल्या बातम्यांमध्ये सूचना दिली: तुम्ही एक्स११ वापरत असाल तर प्लाझ्मा-एक्स११-सेशन हे पॅकेज स्वतः बसवा, नाहीतर लॉगिन होणार नाही. कोणाच्या यंत्रावर कशी मांडणी आहे हे पॅकमॅनला ओळखता येत नाही आणि प्रत्येकाच्या यंत्रावर एक्स११ लादणे बरोबर नाही, असे कारणही दिले.

सूचना स्पष्ट होती आणि प्रामाणिक होती. अपडेट करण्याआधी बातम्या वाचायच्या, ही आर्चची रीत तिथल्या लोकांना माहीत आहे. तरीही या निर्णयाशी मी सहमत नाही. नको असलेले एक पॅकेज यंत्रावर आले तर थोडी जागा जाते आणि ज्याला ते नको आहे तो एका ओळीत काढून टाकतो. हवे असलेले पॅकेज आले नाही तर माणूस लॉगिनच्या पडद्यापाशी अडकतो. तिथून पुढे जायला काळ्या टर्मिनलात शिरून, नाव आठवून, इंटरनेट जोडून ते बसवावे लागते. दोन्ही चुकांची किंमत इतकी वेगळी असताना निदान एका आवृत्तीपुरते तरी ज्यांच्याकडे जुने केविन आहे त्या सर्वांना दोन्ही भाग मिळायला हवे होते. नव्याने बसवणाऱ्याला फक्त वेलँड द्या, त्याबद्दल काहीच म्हणणे नाही. आधीपासून असलेल्याचे मात्र काढून घेऊ नका.

एक्स११ अजून वापरते कोण, असे तुम्ही विचाराल. जुन्या ग्राफिक्स कार्डांवर यंत्रे चालवणारे वापरतात. दुरून दुसऱ्याचा पडदा पाहून मदत करणारे वापरतात. दृष्टिदोष असलेली आणि वर्षानुवर्षे बसवलेल्या साधनांवर विसंबून असलेली माणसे वापरतात. यांतल्या कोणालाही आपण एक्स११ वापरतो हे माहीत असेलच असे नाही. सूचनेतले ‘तुम्ही एक्स११ वापरत असाल तर’ हे पहिलेच वाक्य त्यांच्यासाठी बंद दार आहे.

आता मेटापॅकेजांविषयी. आर्चमध्ये प्लाझ्मा बसवण्याचे दोन मार्ग आहेत: ‘प्लाझ्मा’ नावाचा गट आणि ‘प्लाझ्मा-मेटा’ नावाचे पॅकेज. पहिल्या दिवशी दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. फरक पडतो वर्षभराने. गटात नवा घटक आला तर तो जुन्या वापरकर्त्याकडे आपोआप येत नाही. मेटापॅकेज असेल तर येतो. डेबियनमध्ये केडीई-फुल, केडीई-स्टँडर्ड आणि केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप अशी तीन मेटापॅकेजे आहेत. यांतले कोणते निवडल्याने पुढच्या पाच वर्षांत काय होईल, हे बसवण्याच्या वेळी कळत नाही. शिवाय मेटापॅकेजाने एखादे अ‍ॅप ‘डिपेंड्स’मध्ये लिहिलेले असेल आणि कोणी ते अ‍ॅप काढले, तर मेटापॅकेजही निघून जाते. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. पुढच्या मोठ्या अपग्रेडला नवे घटक येत नाहीत तेव्हा बिघडते, आणि तोवर ते अ‍ॅप कोणी काढले हे कोणाच्याही लक्षात नसते. आमच्याकडे मुलांच्या विभागातल्या यंत्रावर खेळ नकोत असे ठरले, तेव्हा नेमके हेच झाले. डेस्कटॉप चालायला जे खरोखर लागते तेवढेच ‘डिपेंड्स’मध्ये ठेवा, खेळ, गाण्यांची अ‍ॅप्स, पत्त्यांच्या वह्या ‘रेकमेंड्स’मध्ये टाका.

हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो हे नोव्हेंबर २०२१मध्ये जगाने पाहिले. लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबकर्त्याने पॉप ओएसवर स्टीम बसवायला घेतले. पॅकेजांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, म्हणून एपीटीने स्टीमच्या बदल्यात डेस्कटॉपचे मेटापॅकेजच काढायचे सुचवले. इशारा दिला होता, पण पॅकेजांच्या नावांच्या लांबलचक यादीखाली. त्याने सांगितलेले वाक्य टाइप केले आणि डेस्कटॉप गेला. त्याला हसणारे पुष्कळ निघाले. मला एपीटी सांभाळणाऱ्यांचे वागणे आवडले. त्यांनी लगेच बदल करून अत्यावश्यक पॅकेजे अशी सहज निघणार नाहीत अशी तजवीज केली. पुढे एपीटी ३.०मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३मध्ये, काढली जाणारी पॅकेजे वेगळी आणि लाल रंगात दिसू लागली. वापरणाऱ्याची चूक म्हणून विषय सोडून दिला असता तर हे झाले नसते.

ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती मराठी टंकनाची.

लिनक्सवर मराठी लिहायचे दोन मुख्य मार्ग आहेत. इनस्क्रिप्ट ज्यांच्या बोटांत बसले आहे त्यांना कीबोर्डचा आराखडा थेट बदलून काम भागते. रोमन अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र मधे एक टंकनयंत्रणा लागते, आयबस किंवा एफसीआयटीएक्स५. आमचे बहुतेक वाचक आणि सगळे तरुण कर्मचारी दुसऱ्या प्रकारातले आहेत. या यंत्रणेचे अनेक भाग वेगवेगळ्या पॅकेजांत विखुरलेले असतात. मूळ यंत्रणा एका पॅकेजात, मराठीचे नकाशे एम१७एनच्या पॅकेजात, आणि प्रत्येक प्रकारच्या अ‍ॅपशी यंत्रणेला जोडणारा दुवा आणखी वेगळ्या पॅकेजात. एफसीआयटीएक्स५च्या बाबतीत डेबियनमध्ये क्यूटी ५च्या अ‍ॅप्ससाठी एक दुवा आहे, क्यूटी ६साठी दुसरा, जीटीकेसाठी आणखी वेगळे.

आता २०२४मध्ये काय झाले ते पाहा. २८ फेब्रुवारीला केडीईने प्लाझ्मा ६, फ्रेमवर्क्स ६ आणि अ‍ॅप्सचा नवा संच एकाच दिवशी प्रसिद्ध केला. जवळपास सगळा डोलारा क्यूटी ५वरून क्यूटी ६वर आला आणि वितरणे आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे तो घेत गेली. आमच्या वितरणातही तो आला. त्याचे नाव घेत नाही, कारण हे त्या एकाचेच दुखणे नाही. अपडेट सुरळीत झाले, डेस्कटॉप छान उघडला. पण आमच्या यंत्रांवर फक्त क्यूटी ५चा दुवा होता. क्यूटी ६वर गेलेल्या केट या संपादकात मराठी उमटेना. फायरफॉक्समध्ये उमटत होती, लिब्रेऑफिसमध्ये उमटत होती, केटमध्ये नुसती रोमन अक्षरे. कोणतीही त्रुटी दिसत नव्हती. पॅकेज व्यवस्थापकाच्या दृष्टीने काहीही तुटलेले नव्हते, कारण कोणत्याही पॅकेजाने दुसऱ्याची मागणीच केली नव्हती.

ही तक्रार कोणाकडे न्यायची? केट सांभाळणारे म्हणतात, आमचे अ‍ॅप ठीक आहे. टंकनयंत्रणा सांभाळणारे म्हणतात, दुवा उपलब्ध आहे, बसवून घ्या. क्यूटी सांभाळणाऱ्यांचा तर संबंधच नाही. तिघांचेही खरे आहे. मराठी लिहिता येणे ही गोष्ट कोणत्याही एका पॅकेजात राहत नाही, ती पॅकेजांच्या सांध्यांमध्ये राहते, आणि पुनर्रचनेत सगळ्यात आधी सांधेच निखळतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा सांधा लागतच नाही, म्हणून तपासणीत तो सुटतो. मराठी, हिंदी, बांगला, जपानी, चिनी लिहिणाऱ्यांना तो रोज लागतो.

वेलँडवर गेल्यावर आणखी एक पायरी वाढते. प्लाझ्माच्या वेलँड सेशनमध्ये सिस्टीम सेटिंग्जच्या ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या कप्प्यात जाऊन टंकनयंत्रणा निवडावी लागते. ज्याच्या टेबलावर धडधाकट कीबोर्ड आहे त्याला ही जागा कशी सुचावी? एक्स११वर जे आपोआप चालत होते ते वेलँडवर इथे दडले आहे, एवढे तरी अपग्रेडच्या वेळी सांगायला हवे.

सांधे निखळू न देता पुनर्रचना करणे अशक्य नाही, कारण तुमच्यातल्याच काहींनी ते करून दाखवले आहे. एके काळी केडीईची मराठी भाषांतरे केडीई-एल१०एन-एमआर या स्वतंत्र पॅकेजात असत. ते बसवायचे राहिले की डेस्कटॉप इंग्रजीत. पुढे भाषांतरे ज्या त्या अ‍ॅपसोबतच यायला लागली आणि तो प्रश्न मिटला. वापरणाऱ्याच्या हिताची पुनर्रचना अशी असते. फेडोरात २०१६पासून लँगपॅक्स-एमआर हे छोटे पॅकेज आहे. ते यंत्रावर असले की लिब्रेऑफिसचा मराठी भाग आपोआप येतो, कारण त्या भागाच्या पॅकेजातच ‘लिब्रेऑफिस असेल आणि मराठीचे पॅकेज असेल, तर मलाही आणा’ असे लिहिता येते. हाच नियम टंकनाच्या दुव्याला लावता येईल. एफसीआयटीएक्स५ आहे आणि क्यूटी ६ आले आहे, तर त्यांना जोडणारे पॅकेज आणा. डेबियनच्या पद्धतीत असे जर-तर लिहिता येत नाही हे खरे, पण ‘रेकमेंड्स’च्या आधाराने जवळपास तेच साधता येते.

फॉन्टबद्दल थोडक्यात. मराठीतले ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते, आणि ऱ्हस्व-ऱ्हास, दऱ्या-खोऱ्या यांतला ‘ऱ’ सगळ्याच फॉन्टमध्ये नीट बसतो असे नाही. पुण्यातल्या मंडळींनी लोहित या मुक्त फॉन्टवर वर्षानुवर्षे काम केले आहे. डेस्कटॉपचा ठरलेला देवनागरी फॉन्ट बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण जुन्याचे पॅकेज अपग्रेडमध्ये काढून टाकू नका. आमच्या पुस्तकांच्या चिकटपट्ट्या आणि सभासदांची पत्रे त्या फॉन्टच्या रुंदीवर बेतलेली असतात. फॉन्ट गेला की ओळी सरकतात आणि नावे पट्टीबाहेर जातात.

आणखी एक त्रास जुना आहे आणि तो केवळ काळजीपूर्वक काम करून टळतो. फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवली, पण ‘ब्रेक्स’ आणि ‘रिप्लेसेस’ लिहायचे राहिले, की डीपीकेजी मध्येच थांबते: ही फाइल दुसऱ्या पॅकेजात आहे, मी तिच्यावर लिहिणार नाही. अर्धा डेस्कटॉप नवा, अर्धा जुना. तुमच्याकडे हे दहा मिनिटांत दुरुस्त होत असेल. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट असतो आणि बाहेर वाचक उभे असतात. याच कारणासाठी प्लाझ्माच्या पॅकेजांनी एकमेकांची नेमकी आवृत्ती मागावी, असे वाटते. सगळे एकत्र पुढे जावे, नाहीतर कोणीच जाऊ नये.

वाचनालयात आम्ही पुस्तकांची फेरमांडणी करतो तेव्हा जुन्या जागी चिठ्ठी लावतो: हे पुस्तक आता अमुक कपाटात आहे. तुमच्याकडे त्या चिठ्ठीची सोय आहे. नाव बदललेल्या पॅकेजाच्या जागी एक रिकामे पॅकेज ठेवायचे आणि त्याने नव्याला बोलवायचे. कृपा करून ती चिठ्ठी एका आवृत्तीतच काढून टाकू नका. दोन-तीन आवृत्त्या ओलांडून येणारे लोक आहेत, आणि ते बहुतेक आमच्यासारख्या ठिकाणी आहेत.

मोठा बदल सांभाळून कसा करायचा याची दोन उदाहरणे माझ्या मनात आहेत. ११ जानेवारी २००८ला केडीई ४.० आले. ते अजून कच्चे होते. काही वितरणांनी ३.५ काढून थेट तेच दिले आणि लोक दुखावले. त्या वर्षीच्या ओपनसुसे ११.०मध्ये मात्र ३.५ आणि ४.० दोन्ही होते, ज्याला जे हवे ते. डेबियनने २००९च्या आवृत्तीत ३.५च ठेवले. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. १९ जानेवारी २०३८ला ३२ बिटांतली वेळ संपते, म्हणून डेबियन आणि उबुंटूने २०२४मध्ये शेकडो लायब्ररींची नावे बदलली. लिबक्यूटी५कोर५ए हे नाव लिबक्यूटी५कोर५टी६४ झाले. एवढे मोठे काम, पण ६४ बिटांच्या नेहमीच्या यंत्रांवर नव्या पॅकेजाने ‘जुने नावही माझेच’ असे जाहीर केले, त्यामुळे बाहेरून आणलेली जुनी पॅकेजे चालत राहिली. ज्यांनी हे केले त्यांना माझा मनापासून नमस्कार. मी मागतो आहे ते याहून जास्त काही नाही.

आता पुढचे वळण जवळ आले आहे. प्लाझ्मा ६.८पासून एक्स११चे सेशन राहणार नाही, असे केडीईने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केले आहे. निर्णय झाला आहे आणि त्यावर वाद घालायला मी हे पत्र लिहीत नाही. ती पॅकेजे बांधाल तेव्हा एवढे पाहा. ज्याने शेवटचे लॉगिन एक्स११मध्ये केले होते त्याला नव्या सेशनमध्ये अलगद नेऊन सोडा, रिकाम्या पडद्यावर नको. त्याची टंकनयंत्रणा ओळखून वेलँडच्या सेटिंगमध्ये तीच निवडून ठेवा. आणि जे यंत्राला ठरवता येणार नाही ते अपडेट चालू होण्याआधी, अपडेटच्याच पडद्यावर सांगा. डेबियनमध्ये एपीटी-लिस्टचेंजेस हे करते. डिस्कव्हरमधून अपडेट करणाऱ्यालाही ते दिसायला हवे. सूचनेत पॅकेजाच्या नावाआधी परिणाम लिहा: ‘या अपडेटनंतर मराठी टंकन बंद पडू शकते, असे करा.’

ती सूचना मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे. तपासणीच्या आवृत्त्या बाहेर पडतील तेव्हा आमच्याकडचे एक जुने यंत्र त्यासाठी बाजूला ठेवतो. त्यावर आयबस आणि एफसीआयटीएक्स५, दोन्हींतून मराठी उमटते का ते पाहून, कोणत्या पॅकेजामुळे अडते ते नीट शोधून, बग नोंदवीन. कुठे नोंदवायचे तेवढे कळवा.

आपला विश्वासू,
एका सार्वजनिक वाचनालयाचे संगणक सांभाळणारा